पडदा माणसाचा, डोळा प्राण्याचा

१९९९ साली जपानमध्ये इकेबुची आणि ओकानोया या संशोधकांनी पिंजऱ्यातल्या नर पक्ष्यांना माद्यांच्या चित्रफिती दाखवल्या. पक्षी दोन जातींचे होते. एक ऑस्ट्रेलियातला झेब्रा फिंच, दुसरा बंगाली फिंच. हा बंगाली फिंच म्हणजे आपल्याकडे कोकणात आणि सह्याद्रीत थव्याने दिसणाऱ्या पांढऱ्या पाठीच्या मनोलीच्या जातीतलाच पाळीव पक्षी. मादी समोर आली की हे नर तिच्याकडे तोंड करून खास ढंगाने गातात. जुन्या, काचेच्या नळीच्या टीव्हीवर मादी दिसली तेव्हा त्यांनी तिची विशेष दखल घेतली नाही. सपाट टीएफटी पडद्यावर मात्र मादी दिसताच ते गाऊ लागले. दाखवायचे दृश्य मादीचेच होते, बदलला होता तो पडदा.

कारण लुकलुकीत होते. नळीच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावरून सेकंदाला ५० किंवा ६० वेळा फिरतो, आणि प्रत्येक ठिपका क्षणभर उजळून विझतो. एवढ्या वेगाची उघडझाप माणसाच्या डोळ्याला सहसा कळत नाही, तिचा सलग उजेड होतो. पक्ष्यांची ही मर्यादा पुष्कळ वरची आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत छोट्या माशीमार पक्ष्यांना सेकंदाला १४० पेक्षा जास्त वेळा होणारी उघडझापही वेगळी ओळखता आली. अशा डोळ्याला नळीच्या टीव्हीवरची मादी सतत पेटत-विझत असलेली दिसणार. टीएफटीच्या मागचा दिवा सलग जळतो, म्हणून तिथे निदान ती अडचण उरली नाही.

प्राण्यांना पडद्यावर काही दाखवून त्यांचे वर्तन अभ्यासायचे, या सगळ्या खटाटोपाचा गाभा या एका प्रयोगात आहे. पडदा म्हणजे जगाकडे उघडणारी खिडकी नव्हे. माणसाच्या डोळ्याला काय कळत नाही याचा बारकाईने हिशेब करून बनवलेले ते यंत्र आहे. जिथे माणसाला फरक कळत नाही तिथे त्याने काटकसर केलेली असते. दुसऱ्या जातीच्या डोळ्यापुढे ते ठेवले की हा हिशेब चुकतो, आणि कुठे किती चुकतो ते प्रत्येक प्राण्यागणिक वेगळे असते. गेल्या काही दशकांत या क्षेत्रात जे यश मिळाले आणि जी फसगत झाली, ती दोन्ही मला इथूनच समजून घ्यावीशी वाटतात.

पडद्याच्या आधी पुठ्ठा होता. निको टिनबर्गन यांनी कुरव पक्ष्याच्या पिलांपुढे पुठ्ठ्याच्या चोची धरल्या आणि चोचीवरचा ठिपका पिलांना टोचा मारायला लावतो हे दाखवले. पुठ्ठा स्वस्त आणि प्रामाणिक, पण तो स्वतःहून हलत नाही. प्रियाराधन, धमकी, शिकार हे सगळे तर हालचालीतच असते. म्हणून व्हिडिओ आला. १९९० साली अमेरिकेत डेव्हिड क्लार्क आणि जॉर्ज युट्झ यांनी उड्या मारणाऱ्या कोळ्यांपुढे हातात मावणारा इवलासा टीव्ही ठेवला. आजच्या मोबाईल-प्रयोगांचा तो थेट पूर्वज म्हणता येईल. पडद्यावरच्या भक्ष्यावर कोळी झेपावले, आणि पडद्यावरच्या कोळ्याला त्यांनी कोळ्यासारखाच प्रतिसाद दिला. ‘मीव्हिया इन्क्लेमेन्स’ या त्या जातीत नर दोन वेगळ्या रूपांचे असतात आणि त्यांचे नाचही वेगळे. मादी कोणाला निवडते? क्लार्क आणि युट्झ यांनी दोन्ही नर पडद्यावर आणून त्यांच्या हालचालीची वेळ आपल्या हातात ठेवली. मादी रूपावर जात नाही, आधी हलेल त्याच्याकडे वळते, असे त्यातून निघाले. जिवंत नरांना ‘तू आधी हल’ असे कोण सांगणार? पडद्याचे खरे बळ ते हेच.

पुढे याच गटाने लांडगा कोळ्यांच्या नराच्या पुढच्या पायांवरचे केसांचे झुबके संगणकावर मोठे-लहान केले, पुसून टाकले आणि माद्यांचा कौल घेतला. कालांतराने टीव्हीची जागा आयपॉडसारख्या खिशातल्या उपकरणांनी घेतली, मग टॅबलेट आले. आज मोबाईल कोणत्याही प्रयोगशाळेत, अगदी तालुक्याच्या महाविद्यालयातही, पहिल्यांदा हाताशी येणारा पडदा आहे. तो बॅटरीवर चालतो, रानात नेता येतो, त्याचे ठिपके अतिशय बारीक असतात, स्पर्शाची नोंदही तोच ठेवतो. या सोयींमुळेच त्याच्याकडे डोळसपणे पाहायला हवे.

सगळ्यात मोठा घोटाळा रंगाचा आहे. मोबाईलवरचा पिवळा हा पिवळा प्रकाश नसतो. लाल आणि हिरवे ठिपके शेजारी पेटतात, आणि आपल्या डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकू पेशी त्या मिश्रणाला आणि खऱ्या पिवळ्या प्रकाशाला सारखाच जबाब देतात. ही तडजोड माणसाच्या तीन शंकूंसाठी मोजूनमापून ठरवलेली आहे. पक्ष्यांना चार प्रकारचे शंकू असतात. त्यातला एक जांभळ्या किंवा अतिनील प्रकाशासाठी, आणि शंकूंमध्ये रंगीत तेलाचे थेंबही असतात. मधमाशीचे तीन ग्राहक अतिनील, निळा आणि हिरवा या पट्ट्यांत आहेत. लाल तिच्या डोळ्यात जवळजवळ काळोख, तर पडद्यात अतिनीलच नाही. म्हणजे मोबाईलवर झेंडूचे कितीही देखणे छायाचित्र असले, तरी मधमाशीला ते झेंडूसारखे दिसत असेल असे मानायला आधार नाही. कुत्र्याला दोनच प्रकारचे शंकू. त्याच्या बाबतीत चूक कमी असेल, पण चूक आहेच.

उंदराचे उदाहरण जास्त बोलके आहे, कारण मेंदूविज्ञानातले दृष्टीवरचे पुष्कळसे काम उंदरांवर चालते. उंदराच्या एका शंकू-रंगद्रव्याचा कळस ३६० नॅनोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे सरळ अतिनीलमध्ये. तो प्रकाश कोणताही साधा मॉनिटर देत नाही. वर्षानुवर्षे उंदरांना अशा मॉनिटरवर दृश्ये दाखवली गेली, आणि त्यांच्या दृष्टीचा एक अख्खा भाग जवळजवळ उपाशी राहिला. झेब्रा माशाच्या पिलांचेही तसेच. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात टॉम बाडेन यांच्या गटाने २०२० साली दाखवले की ही पिले पाण्यातले सूक्ष्म जीव टिपताना डोळ्यातल्या अतिनील शंकूंवर भिस्त ठेवतात. त्या पिलांची शिकार अभ्यासायची आणि पडद्यावर अतिनीलच नसावे, ही साधी उणीव नव्हे.

आता दुसरी बाजू. २०१३ साली यिल्माझ आणि माइस्टर यांनी उंदराच्या डोक्यावर साधा मॉनिटर ठेवला आणि त्यावर एक काळी तबकडी झपाट्याने मोठी होत जाताना दाखवली. घारीने झडप घातल्यासारखा उंदीर बिळाकडे पळाला किंवा जागीच थिजला. शिकवणे नाही, सराव नाही, पहिल्याच खेपेला. या प्रयोगात अतिनील नसल्याने काही बिघडले नाही, कारण प्रश्न रंगाचा नव्हताच. उजळ पार्श्वभूमीवर काळे काहीतरी वाढत येते, एवढेच उंदराला हवे होते. माझ्या मते पडद्याच्या वापराचा निकष इथे सापडतो. हालचाल, आकार, वाढण्याचा वेग, दोन घटनांमधले अंतर हे प्रश्न पडदा पेलतो. रंगाचा प्रश्न त्याच्याकडे नेला की तो माणसाचे उत्तर देतो आणि आपण ते प्राण्याचे म्हणून लिहून घेतो.

भेकाचेही तेच. मोबाईलवर धावणाऱ्या मुंग्यांवर जीभ मारणाऱ्या भेकांच्या चित्रफिती लाखो लोकांनी पाहिल्या असतील. त्यामागचे गणित जर्मनीत यॉर्ग-पीटर एव्हर्ट यांनी मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी मांडले होते. पुठ्ठ्याची अरुंद पट्टी लांबीच्या दिशेने सरकली तर भेक तिला अळी समजून झेपावतो. तीच पट्टी उभी धरून आडवी सरकवली तर तो तिच्यावर जात नाही, कधी चक्क मागे सरतो. त्याच्या मेंदूला भक्ष्याचे सगळे तपशील लागत नाहीत, आकार आणि गतीची दिशा यांचे नाते पुरते. पडद्यावरची मुंगी त्या नात्यात बसते. यावरून ‘भेकाला पडद्यावर मुंगी ओळखता येते’ असे म्हणणे घाईचे आहे.

कोंबड्यांवरच्या दोन प्रयोगांनी हा फरक फार स्वच्छ दाखवला. कॅलिफोर्नियात एव्हान्स आणि मार्लर यांनी १९९१ साली सांगितले की डोक्यावरून ससाण्याची आकृती गेली तेव्हा समोरच्या टीव्हीवर कोंबडी असेल तर कोंबडा धोक्याचा आवाज जास्त वेळा काढतो. जिवंत कोंबडी शेजारी असताना तो जसे करतो तसेच. म्हणजे पडद्यावरची कोंबडी त्याच्या लेखी श्रोता ठरली. पण १९९६ साली डी’ईथ आणि डॉकिन्स यांनी अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ओळखीच्या आणि अनोळखी कोंबड्यांचे व्हिडिओ दाखवले, तेव्हा त्यांना फरक करता आला नाही, जरी प्रत्यक्षात कोंबड्या एकमेकींना ओळखतात. ‘कोंबडी आहे’ हे पडद्यातून पोचले, ‘कोणती कोंबडी’ हे पोचले नाही. दुसरा प्रयोग एकटाच वाचला असता तर कोंबड्यांच्या स्मरणशक्तीविषयी चुकीचा निष्कर्ष निघाला असता. म्हणूनच पडद्यावरच्या प्रयोगात प्रतिसाद मिळाला नाही तर त्याचा अर्थ लावताना हात आखडता घ्यावा. न दिसणे, न ओळखणे आणि रस नसणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पडदा त्यांना एकाच रकान्यात टाकतो.

ध्रुवित प्रकाशाचा, म्हणजे ज्याच्या लहरी ठरावीक दिशेनेच कंप पावतात अशा प्रकाशाचा, मुद्दा बहुतेक माणसांच्या गावीही नसतो, कारण आपला डोळा त्याच्या बाबतीत जवळजवळ आंधळा आहे. एलसीडी पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवित असतो, चित्र तयार होते तेच त्या तत्त्वावर. मधमाश्या, खेकडे, माकूळ आणि त्यांचे भाऊबंद यांना हे ध्रुवण दिसते. त्यांच्यासाठी पडद्याची अख्खी चौकट आजूबाजूच्या जगापेक्षा वेगळ्या गुणाची आहे. ब्रिस्टलच्या संशोधकांनी मात्र याच दोषाचे हत्यार केले. त्यांनी एलसीडीच्या पुढची ध्रुवक फीत काढून टाकली. आता माणसाला पडदा कोरा पांढरा दिसतो, पण ध्रुवण ओळखणाऱ्या प्राण्याला त्यावर चित्र दिसते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात कटलफिशने ध्रुवणाच्या कोनातला साधारण एका अंशाचा फरकही टिपला. माणसाला काहीच न दिसणाऱ्या पडद्यावर दुसऱ्या जीवाची दृष्टी मोजली गेली. या साऱ्या क्षेत्रात मला सर्वांत आवडणारे काम हे.

सिडनीत रेनाटा प्रॉन्क आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ऑक्टोपसना सेकंदाला ५० चौकटींचा, चांगल्या प्रतीचा व्हिडिओ दाखवला. खेकडा दिसला तर ते पुढे आले, दुसरा ऑक्टोपस दिसला तर वागणे बदलले. त्याआधी जुन्या प्रकारच्या पडद्यांवर असे प्रयत्न फसले होते. ऑक्टोपसला रंग दिसत नाहीत, त्यामुळे रंगाची भानगड इथे आपोआप मिटली होती. अडत होते ते गतीच्या ओघापाशी.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात विवेक नित्यानंद, जेनी रीड आणि सहकारी यांनी प्रार्थनाकीटकांना मधमाशीच्या मेणाने इवलेसे त्रिमितीय चष्मे चिकटवले. आधी त्यांनी आजच्या चित्रपटगृहांतले ध्रुवित प्रकाशाचे तंत्र वापरून पाहिले, ते चालले नाही. इतक्या जवळून पाहिले की एका डोळ्याचे चित्र दुसऱ्यात झिरपते. मग ते जुन्या दुरंगी चष्म्यांकडे वळले, पण माणसांचे लाल-निळे नव्हे. या कीटकाला लाल नीट दिसत नाही, म्हणून एक काच निळी आणि एक हिरवी. पडद्यावरचा ‘किडा’ पडद्याच्या पुढे तरंगत असल्यासारखा दाखवला आणि कीटकाने हवेत झडप घातली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचे यश चष्म्याच्या गमतीत नाही. ‘या डोळ्याला काय दिसते’ हे आधी विचारले आणि तंत्र नंतर निवडले, त्याचे ते फळ आहे.

बारीक ठिपक्यांविषयी एक आकडेमोड इथे करून पाहण्याजोगी आहे. इंचाला ३२६ ठिपके असलेल्या फोनवर एका ठिपक्याची रुंदी सुमारे ०.०७८ मिलिमीटर भरते. फोन आपण हातभर अंतरावरून पाहतो, तिथे हे ठिपके एकमेकांत मिसळतात. पण उड्या मारणारा कोळी पाच सेंटिमीटरवर बसलेला असतो. तिथून एक ठिपका जवळजवळ ०.०९ अंशांचा कोन करतो. ‘पोर्शिया’ या कोळ्याची तीक्ष्णता ०.०४ अंशांपर्यंत जाते. म्हणजे माणसाला गुळगुळीत वाटणारे चित्र त्याला चौकोनी ठिपक्यांची जाळी म्हणून दिसू शकते. प्रयोगातले अंतर ठरवताना ही मोजणी आधी व्हायला हवी, आणि तिला कागद-पेन्सिल पुरते.

मोबाईलच्या स्वतःच्या काही खोडी आहेत, आणि त्या मॉनिटरपेक्षा वाईट आहेत कारण त्या नकळत घडतात. खोलीतला उजेड बदलला की चकाकी आपोआप बदलते. संध्याकाळी पडदा पिवळट होतो. बॅटरी उतरली की काही फोन चकाकी किंवा चित्र बदलण्याचा वेग कमी करतात, काही तर हालचाल नसताना सेकंदाला १२० वरून १० पर्यंत उतरतात. अनेक ओलेड पडदे मंद करताना प्रत्यक्षात मंद होत नाहीत, वेगाने बंद-चालू होतात, पुष्कळ मॉडेलांत सेकंदाला साधारण २४० वेळा. माणसाला ते मंद वाटते. वेगवान डोळ्याच्या माशीला ते तसे वाटेलच असे नाही. व्हिडिओ फाइल दाबून लहान करतानाही माणूसच प्रमाण असतो. आपल्याला रंगाचे बारकावे उजेडाच्या बारकाव्यांइतके कळत नाहीत, म्हणून नेहमीच्या व्हिडिओत रंगाची माहिती चारांपैकी एका ठिपक्यापुरतीच ठेवली जाते. ही सगळी यादी प्रत्येक शोधनिबंधाच्या पद्धती-विभागात यायला हवी: मॉडेल कोणते, चकाकी किती, स्वयंचलित बदल बंद केले का, फाइल कशी बनवली. ‘प्राण्याला मोबाईलवर व्हिडिओ दाखवला’ एवढ्या वाक्यावर दुसऱ्या कोणाला तो प्रयोग पुन्हा करता येत नाही. २०१७ साली शुइनार-थुली आणि अनेक सहलेखकांनी ‘करंट झूऑलॉजी’त यावर सविस्तर मार्गदर्शन लिहिले आहे, आणि या विषयात शिरणाऱ्याने आधी ते वाचावे असे मी आग्रहाने सांगेन.

एकच चित्रफीत सगळ्या प्राण्यांना दाखवण्याची सवयही सोडायला हवी. एका नराचा व्हिडिओ चाळीस माद्यांना दाखवला तर चाळीस माद्यांचे एका नराविषयीचे मत कळते, नरांविषयीचे नाही.

पडद्यातल्या प्राण्याची आणखी एक उणीव म्हणजे तो उत्तर देत नाही. माशाने शेपूट हलवली तरी पडद्यावरचा मासा आपल्याच नादात पोहत राहतो. सामाजिक प्राण्याला हे लगेच कळते. म्हणून प्राण्याच्या हालचालीनुसार दृश्य त्याच क्षणी बदलणारी यंत्रणा आज पुढे येते आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात पवन कौशिक, शॅनन ओल्सन आणि सहकाऱ्यांनी फळमाशीला स्थिर बांधून तिच्याभोवती पडद्यांवर झाडे, गवत, आकाश असलेले आभासी जग उभे केले. माशी पंखांनी वळते, तसे जग वळते. त्यात वारा आणि वासही होता. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या कामात माशी दूरच्या झाडाकडे कशी जाते, जवळचे मोठे आणि लांबचे लहान यांत फरक कसा करते, हे प्रश्न थेट विचारता आले. भारतातल्या प्रयोगशाळेत इतक्या बारकाईने हे घडले याचा मला मनापासून आनंद वाटतो.

पोपटांचा प्रयोग याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने गेला. रेबेका क्लाइनबर्गर, जेनिफर कुन्हा आणि इल्येना हिर्स्की-डग्लस यांनी २०२३ साली मांडलेल्या अभ्यासात १८ पाळीव पोपटांना घंटी वाजवून टॅबलेटवर व्हिडिओ कॉल मागायला आणि चित्रांतून कोणाशी बोलायचे ते निवडायला शिकवले होते. जे पोपट जास्त कॉल करत, त्यांनाच जास्त कॉल येत. पुढे ग्लासगोच्या गटाने नऊ पोपटांना प्रत्यक्ष कॉल आणि आधी चित्रित केलेला व्हिडिओ असे दोन्ही दिले, तर त्यांचा ओढा प्रत्यक्ष कॉलकडे स्पष्टपणे जास्त होता. पडदा तोच, रंगांचे दोष तेच. फरक समोरून येणाऱ्या उत्तराचा. पण या पोपटांचे पालक सतत शेजारी बसून होते आणि त्रासाचे चिन्ह दिसताच कॉल बंद होई, हेही त्या अभ्यासात तितकेच महत्त्वाचे आहे. घरी मांजरापुढे उंदराचा खेळ लावून फोन सोडून देणे ही वेगळी गोष्ट. झेप घ्यायची आणि पंजाला काहीच लागायचे नाही, असे पुन्हा पुन्हा झाले तर प्राणी वैतागतो. प्रयोगात किंवा घरात, झेपेनंतर खरा घास मिळावा.

पडद्याची त्रुटी पडद्यानेच भरून काढण्याचे प्रयत्नही चालू आहेत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात प्रवाळ-माशांसाठी अतिनील धरून पाच प्रकारच्या एलईडींचा पडदा बनवला गेला, आणि उंदरांवर काम करणारे काही गट प्रोजेक्टरमधला एक दिवा काढून तिथे अतिनील दिवा बसवतात. ही उपकरणे महाग आहेत आणि आपल्या बहुतेक महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेर आहेत. पण हाती मोबाईल असलेल्या विद्यार्थ्याला करण्याजोगे काम शिल्लक आहेच. आपल्या भिंतींवर फिरणारे उड्या मारणारे कोळी त्यासाठी उत्तम. सुरुवात फोनच्या चाचणीपासून करावी. स्लो मोशनचा एक फोन दुसऱ्यासमोर धरला की सेकंदाला २४० चौकटींत पडद्यावरचे काळे पट्टे सरकताना दिसतात, आणि चकाकी वाढवली की ते कधी नाहीसे होतात तेही कळते. मग कोळ्यापुढे काळ्या ठिपक्याचा वेग आणि आकार बदलावा, रंगाला हात लावू नये. शेवटी तोच प्रयोग दोऱ्याला बांधलेल्या काळ्या मण्याने करून पाहावा. मण्यावर आणि पडद्यावर कोळी सारखाच वळला, तर निदान त्या एका प्रश्नापुरता पडद्यावर भरवसा ठेवायला पुरावा हाती आला.